आडवी आधी, मग उभी

मंगळवारी, एक ऑक्टोबरला, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी अण्णासो मगदूम यांच्या इचलकरंजीतल्या शेडमधला पाच नंबरचा माग थांबला. धागा तुटला नव्हता. वीज गेली नव्हती. मागाच्या उजव्या अंगाला पंज्याएवढी एक काच होती. तिच्यावर दोन चिनी अक्षरं लाल रंगात लुकलुकत होती, आणि ती काय सांगतात हे शेडमधल्या कोणालाच कळत नव्हतं.

"चाळीस वर्षं झाली, माग माझ्याशी बोलत आलाय," मागांची दुरुस्ती बघणारा हेड जॉबर पिराजी पान्यानं मान खाजवत म्हणाला. "ह्यो एकटाच मुका निघाला बघा."

"मुका कुठला, मामा? बोलतोय की तो. बहिरं आपुन हाय," क्रांती मागून म्हणाली.

पिराजीनं वळून पाहिलं नाही. वहिफणीवाल्या बाईनं मागाच्या दुरुस्तीत तोंड घालावं, हे त्याला जुने माग होते तेव्हाही आवडत नसे.

क्रांती पोवार एक्केचाळीस वर्षांची होती. माहेर कोडोली, शिक्षण दहावी पास. एकोणीस वर्षं ती वहिफणीचं काम करत होती. नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, आला की त्याच्यावरचा एकेक उभा धागा आधी वहीच्या, म्हणजे मागावरच्या तारांच्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि मग फणीच्या दातातून ओढून घ्यायचा, हे ते काम. धागे तीन-चार हजार. बीमच्या मागं तिच्या जोडीची स्वप्नाली बसायची आणि एकेक धागा पुढं द्यायची. पुढं क्रांती आकडी घालून तो ओढून घ्यायची. पहिला धागा पहिल्या वहीत, दुसरा तिसरीत, तिसरा दुसरीत, जशी डिझाईन असेल तसा क्रम. एक धागा चुकला, तर कापडाच्या टोकापासून टोकापर्यंत त्याची चूक दिसायची. क्रांतीच्या हातची चूक शेवटची दिसली त्याला अकरा वर्षं झाली होती.

जुलैत अण्णासोंनी चोवीस जुने माग भंगारात काढले आणि चीनमधून वापरलेले सहा माग आणले. त्यांच्याबरोबर गाठी मारणारं एक यंत्र आलं. नव्या बीमचे धागे जुन्या धाग्यांना ते एका तासात जोडायचं. तेव्हापासून वहिफणी लागायची ती फक्त डिझाईन बदलली तर, आठवड्यातून एखादा दिवस. गणपती उठले त्या दिवशी अण्णासोंनी दोघींना समोर बसवून सरळ सांगितलं होतं : दिवाळीनंतर वहिफणीला बाई ठेवणार नाही. मागावरची ती काच, ते पॅनेल, कळणारा एक माणूस मात्र सुरतेहून आणणार आहे.

आता अण्णासो फोनचा कॅमेरा काचेसमोर धरून उभे होते. कॅमेऱ्यानं भाषांतर केलं. पहिल्यांदा आलं, 'मातीचं भांडं'. परत धरला, तर 'शेत बुडालं'.

"कुणाचं शेत?" पिराजीनं विचारलं.

"माझंच म्हणायचं," अण्णासो म्हणाले आणि त्यांनी सुरतेच्या एजंटाला फोन लावला. स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टी लागली होती. कंपनी सात तारखेपर्यंत बंद. आठ तारखेला एजंटाचा माणूस इचलकरंजीत येणार. तोवर मागाबरोबर दिलेलं ॲप वापरा, एजंट म्हणाला. त्यात एक चौकोन आहे. काचेवरचं अक्षर त्यात बोटानं लिहिलं की बिघाडाचं पान उघडतं, चित्रासकट.

"बोटानं लिहा म्हणं," अण्णासोंनी फोन खिशात टाकला. "आमच्या आज्जानं लिवलंतं चिनी."

"अण्णा," क्रांती पुढं आली. "आठ तारखेच्या आत मी ह्यो माग चालू केला तर?"

"तू?"

"व्हय, मी."

"जॉबर पिराजी हाय, तू न्हाईस."

"नट-बोल्ट मामा फिरवतील. ते काय म्हणतंय ते मी सांगते. सांगता आलं तर पॅनेलवर मला ठेवा. सुरतचा माणूस नगं."

पिराजी मोठ्यानं हसला. "आणि माझी म्हस चिनीत हंबरंल!"

अण्णासो हसले नाहीत. बंद मागाकडं आणि उरलेल्या पाच चालू मागांकडं त्यांनी पाहिलं. त्यांतला कोणता उद्या थांबेल हेही कोणाला सांगता येत नव्हतं. "सोमवार संध्याकाळपातुर," ते म्हणाले. "चालू झाला तर पॅनेल तुझं. मग एजंटाचा गडी चहा पिऊन माघारी. न्हाय झाला तर ठरलंय तसं."

मंगळवार दुपार आणि बुधवारचा सगळा दिवस क्रांतीनं त्या चौकोनात घालवला. काचेवरची अक्षरं तिनं बीमच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतली आणि पुठ्ठ्यावरून बोटानं फोनवर. नक्कल हुबेहूब होती. स्वप्नालीनं दोन्ही शेजारी धरून पाहिलं, तिळाएवढा फरक नव्हता. तरी चौकोनाखाली ॲप जी पाच अक्षरं सुचवायचं, त्यांत ते अक्षर नसायचं. वीस वेळा लिहून झालं. दर खेपेला पाच नवी अक्षरं आणि सगळी भलतीच.

"आक्का, तुझं अक्षर वाईट हाय म्हणायचं त्याला," स्वप्नाली म्हणाली.

"शाळेत फळ्यावर सुविचार मी लिहायची."

"मराठीतला की."

गुरुवारी घट बसले. स्वप्नाली सकाळी येताना फोनवर दुसरंच ॲप उतरवून घेऊन आली. चिनी पोरांना अक्षरं गिरवायला शिकवणारं ते ॲप होतं. पहिल्या धड्यात सगळ्यात सोपं अक्षर होतं : 十. एक आडवी रेघ, एक उभी. अधिकच्या चिन्हासारखं.

क्रांतीनं उभी ओढली. चौकोन लाल झाला आणि थरथरला. परत उभी ओढली. परत लाल.

"थांब जरा," स्वप्नाली म्हणाली. "ते आधी करून दावतंय बघ." दोघींनी डोकी जवळ आणली. पडद्यावर आपोआप आधी आडवी रेघ उमटली, डावीकडून उजवीकडं. मग वरून खाली उभी.

"आक्का, हे आधी बाणा टाकतंय आणि मग ताणा!"

क्रांती फोनकडं बघत राहिली. ताणा म्हणजे उभे धागे. ते आधी. ते लागले, ताणले, की मग त्यांच्यातून आडवा बाणा जातो. एकोणीस वर्षं तिच्या हातानं याशिवाय दुसरा क्रम पाहिला नव्हता. पुठ्ठ्यावरून उतरवताना तिनं प्रत्येक अक्षराच्या सगळ्या उभ्या रेघा आधी मारल्या होत्या, मग सगळ्या आडव्या. शिवाय पहिलीपासून मराठी लिहिताना वरची आडवी रेघ शब्द संपल्यावर, सगळ्यात शेवटी. तिच्या हाताला दोन्हीकडून एकच वळण होतं, आणि इथं ते उलटं निघालं.

"चित्र बघत न्हाय ते," ती हळूहळू म्हणाली. "हात कसा चालला ते बघतंय."

तिनं आडवी ओढली, मग उभी. चौकोन हिरवा झाला.

आडवी आधी, मग उभी. वाक्य सोपं होतं; हाताला ते पटायला दोन दिवस गेले. शुक्रवारी दुपारी सुट्टीत तिनं कापडावर खूण करायचा खडू घेतला आणि शेडच्या फरशीवर बसली. एखादं अक्षर नीट उतरायचं आणि पुढच्याला हात आपोआप उभ्या रेघेकडं वळायचा. शेवटी तिनं स्वप्नालीला समोर बसवलं.

"आपुन नवी डिझाईन कशी पाठ करतो?"

"मी म्हणते, तू ओढतीस."

"मग म्हण."

स्वप्नाली फोनमध्ये बघून म्हणू लागली, अगदी वहिफणीला म्हणतात त्या सुरात : "आडवी. उभी. मोडून खाली. आत आडवी. आत उभी. तळ." आणि क्रांती ओढू लागली. आता हात चुकायला वेळच नव्हता. आवाजामागं तो जात होता, धाग्यामागं जातो तसा. संध्याकाळपर्यंत फरशीवर सतरा अक्षरं झाली. शनिवारी चाळीस. चौकट असलेल्या अक्षरांत आधी बाहेरच्या तीन बाजू काढायच्या, मग आत जे असेल ते भरायचं आणि तळाची रेघ सगळ्यात शेवटी मारून चौकट मिटवायची, हे तिला सगळ्यात आवडलं.

"माणसं आत घेतल्याबिगर दार लावत न्हाईत बघ हे लोक," स्वप्नाली म्हणाली.

पिराजी खडूच्या रेघांवरून लांब टांग टाकून जायचा. "शेड हाय का बालवाडी? मालक, एक घंटा बी आणा म्हणजे झालं." पण शनिवारी संध्याकाळी तो झाडूवाल्या बाईला, तेवढा कोपरा सोडून झाड, असं म्हणताना स्वप्नालीनं ऐकलं. तिनं ते क्रांतीला सांगितलं. क्रांतीनं कोणालाच सांगितलं नाही.

रविवारी शेड बंद होती. क्रांतीनं किल्ली मागून घेतली आणि पाच नंबरसमोर स्टूल टाकून बसली. आता हात बसला होता, क्रम बसला होता. अक्षर दोन मिनिटांत सापडेल असं तिला वाटलं होतं. सापडलं नाही. दुपारचे दोन वाजले. ॲप अजून भलतीच अक्षरं सुचवत होतं.

अडचण काचेत होती. काचेच्या खालच्या भागात एक रेघ कायमची पेटून राहिली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अक्षरांच्याच लाल रंगाची, तेवढ्याच जाडीची. ती दोन्ही अक्षरांच्या बुडातून जात होती. कॅमेऱ्याचं भाषांतर फसत होतं ते यामुळंच. ही रेघ अक्षराची नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिच्या खाली अक्षराची स्वतःची रेघ दडली आहे की नाही, ते कोणी सांगायचं? क्रांतीनं सगळीकडं रेघ धरून लिहून पाहिलं. मग सगळीकडं सोडून. दोन्ही वेळा भलतंच आलं. संध्याकाळी किल्ली परत देताना अण्णासोंच्या घरी जेवणं चालली होती. जैनांचं घर, सूर्य बुडायच्या आत ती उरकायची असत. "काय गं, बोलला का चिनी?" त्यांनी ताटावरूनच विचारलं. "घसा खाकरलाय," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी दोन नंबरची डिझाईन बदलली. माग थांबलेला, बीम नवा, म्हणून वहिफणी लागली. क्रांतीला चडफडत आकडी हातात घ्यावी लागली. दुपारी साडेतीनला तीन हजारांतले शेवटचे सहाशे राहिले असताना तिचा हात थांबला. फणीत एक दात रिकामा दिसत होता.

"धागा तुटलाय का?" स्वप्नालीनं पलीकडून विचारलं.

"दिसत न्हाय. थांब, मोजते." ती बोटानं मागं मोजत गेली. एक, तीन, दोन, चार. एक, तीन, दोन. चौथा पाहिजे. म्हणजे आहे, शेजारच्या धाग्याला चिकटून मागं दडला असणार. तिनं आकडी घातली आणि तो काढला.

धागा डोळ्याला दिसला नाही तर क्रम मोजायचा. क्रमात जागा असेल तर धागा असतोच. एकोणीस वर्षं ती हेच करत होती.

आकडी तिनं तशीच वहीला अडकवली आणि उठली.

"आक्का, सहाशे राहिलेत अजून!"

"राहू देत. फोन घे."

पाच नंबरसमोर ती वाकून उभी राहिली. दुसरं अक्षर आधी. डावीकडं पाण्याच्या तीन थेंबांसारखे फटकारे, उजवीकडं डोक्यावर शेंडी निघालेली चौकट. पेटती रेघ दोहोंच्या बुडातून गेलेली. गुरुवारपासून गिरवलेल्या एकूणएक चौकटीत तळ शेवटी मिटला होता. आत आडवी, आत उभी, मग तळ. उघडी राहिलेली चौकट तिनं एकदाही पाहिली नव्हती. म्हणजे चौकटीखाली रेघ आहे. थेंबांखाली? थेंबांचा तिसरा फटकारा खालून वर जातो आणि तिथंच संपतो. त्याच्यानंतर रेघेला जागाच नाही. तिथं ती काचेची.

मग पहिलं. डावीकडं मडक्यासारखं काहीतरी. त्याच्या बुडाला दोन लहान उभ्या रेघा वर आलेल्या. पहिली उभी खाली येऊन मोडते आणि आडवी होते, मग दुसरी येऊन तिला मिळते. असलं वळण तिनं शनिवारी चार अक्षरांत गिरवलं होतं. मोडायला आडवी पाहिजेच. म्हणजे तिथं रेघ आहे. उजव्या भागाला नुसते दोन पाय, फाकलेले. पायांखाली काही नाही.

"म्हण," ती म्हणाली.

"काय म्हणू? ह्याचा धडा न्हाय माझ्याकडं."

"मी म्हणते. तू मोज."

ती स्वतःच म्हणत गेली आणि बोट चौकोनात फिरत गेलं. तिरपी. आडवी. आडवी. उभी. मोडून आडवी. उभी. मग उजवीकडं गेली : मोडून खाली, आडवी, डावा पाय, उजवा पाय.

"धा," स्वप्नाली म्हणाली.

चौकोनाखाली पाच अक्षरं आली. त्यांतलं पहिलंच ते होतं. 缺. काचेवरच्यासारखं, पण लाल रेघेतून मोकळं, स्वच्छ. स्वप्नालीनं तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्याला आठ रेघा लागल्या. 油. तेही पहिलंच आलं. क्रांतीनं दोन्ही दाबली आणि पान उघडलं. वर इंग्रजीत दोन शब्द होते. तिनं ते अक्षर अक्षर जुळवून वाचले, आणि मग शेडभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचले.

"ऑइल लो! मामा, त्याला तेल पाहिजे!"

पिराजी तिसऱ्या मागाखालून बाहेर आला. "तेल?" त्याचा चेहरा लाल झाला. "सात दिवस झाले, तेलानं आंघोळ घातलीया मी त्याला! एक सांधा ठेवला न्हाय. दिवाळीच्या पैल्या आंघोळीला पोराला बी कुणी एवढं चोळलं नसंल!"

"वरून न्हाय, मामा. आतून पाहिजे त्याला. चित्र बघा की."

चित्रात मागाच्या मागच्या अंगाला, जमिनीलगत, पत्र्याच्या आड एक टाकी दाखवली होती. पिराजीनं चित्र पाहिलं. माग पाहिला. मग तो पाठीमागं गेला आणि गुडघ्यांवर बसला. आधीच्या मालकानं त्या जागी साधा पत्रा ठोकून टाकला होता. चार स्क्रू निघाले. पत्र्यामागं टाकी होती आणि ती कोरडी ठणठणीत होती. पिराजीनं आत बोट फिरवलं आणि ते वर करून सगळ्यांना दाखवलं. बोटाला नुसती धूळ.

साडेचार लिटर तेल बसलं. अण्णासो जेवायला घरी निघाले होते. ते दारातून परत फिरले. काचेवरची दोन अक्षरं लुकलुकली, एकदा थांबली आणि गेली. नुसती ती एकटी रेघ राहिली.

"दाब," पिराजी क्रांतीला म्हणाला.

"तुम्ही दाबा, मामा. जॉबर तुम्ही."

"पॅनेल तुझं हाय न्हवं? दाब मग."

संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी तिनं हिरवं बटण दाबलं आणि सातव्या दिवशी पाच नंबर सुरू झाला. एवढ्या आवाजात स्वप्नाली काय ओरडली ते कोणालाच कळलं नाही. अण्णासो कापडावर हात ठेवून उभे राहिले. विणलं जाणारं कापड त्यांच्या तळव्याखालून इंच इंच सरकत होतं. मग त्यांनी सूर्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि क्रांतीच्या कानाशी ओरडून म्हणाले, "उद्यापासनं खुर्ची घे तिथं एक. उभं राहून किती लिवशील!"

"दोन लागतील!" क्रांती ओरडली. "मोजायला माणूस लागतंय!"

अण्णासोंनी स्वप्नालीकडं पाहिलं, हात झटकला आणि जाता जाता दोन बोटं वर केली.

एजंटाचा माणूस ठरल्याप्रमाणं आठ तारखेला आला. सहाही मागांच्या आठवणीत साठलेले जुने बिघाड क्रांतीनं त्याच्यासमोर एकामागून एक लिहून काढले. एकोणीस अक्षरं, एकही अडलं नाही. कोणत्या क्लासला जाता, असं त्यानं हिंदीत विचारलं. पिराजीनं फरशीच्या कोपऱ्याकडं बोट केलं. "वो रहा क्लास," तो म्हणाला. "बिना छडी का."

चहा पिऊन निघताना त्या माणसानं एक अर्ज टेबलावर ठेवला. सुट्टी संपली, आता कंपनी सहाही काचा बदलून देईल, आणि हवी ती भाषा घालून देईल, तो म्हणाला. इंग्रजी म्हणा, हिंदी म्हणा. मग काही लिहायला नको, कोणीही वाचेल.

अण्णासोंनी अर्ज वाचला आणि क्रांतीपुढं सरकवला. "तूच ठरव. कोणीही वाचेल म्हणतोय तो."

"ऐकलं मी," क्रांती म्हणाली.

खंडेनवमीला माग बंद ठेवून धुतले, पुसले. प्रत्येकाला झेंडूची माळ घातली. पाटावर हत्यारं मांडताना पिराजीनं आपले पाने मांडले, त्यांच्याशेजारी क्रांतीची आकडी ठेवली आणि तिच्याशेजारी खिशातून काढून खडूचा एक तुकडा. त्यालाही त्यानं हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी तीन नंबर थांबला. काचेवर चार अक्षरं होती. त्यांतली तीन क्रांतीनं लिहिली आहेत. चौथ्यात चौदा रेघा आहेत की पंधरा, यावर तिचं आणि स्वप्नालीचं एकमत झालेलं नाही. पिराजी पाना घेऊन शेजारी उभा आहे आणि कोणालाही घाई करू देत नाही.

अर्ज अण्णासोंच्या टेबलाच्या काचेखाली आहे. भाषेच्या रकान्यात अजून काहीही लिहिलेलं नाही.